ऑटो लाइफ जॅकेट: कपाटात फुगतं, पाण्यात फुगत नाही, किंवा हवा धरत नाही

पावसाळा सरून बोटी पुन्हा पाण्यात उतरायला लागल्या की माझ्या टेबलावर हवेच्या लाइफ जॅकेटांचा ढीग पडतो. मांडवा-अलिबागकडच्या शिडाच्या बोटी, काही स्पीडबोटी, रविवारी मुंबई बंदरात शीड उभारणारी हौशी मंडळी. तक्रारी थोड्याफार फरकाने त्याच असतात. येणारा प्रत्येक जण 'फुगा गेला असणार' असं ठरवूनच येतो आणि फुगा फाटलेला क्वचितच निघतो. बहुतेक वेळा हाताची बोटं आणि स्वयंपाकघरातला वजनकाटा एवढ्यावर दोष सापडतो.

हे सगळं फक्त हवेच्या जॅकेटांबद्दल आहे. फेरीबोटीत टांगलेलं नारिंगी फोमचं जॅकेट यात येत नाही. त्याला ना सिलिंडर, ना गोळी. हवेचं जॅकेट म्हणजे गळ्याभोवतीचा चपटा पट्टा, त्यात घडी घातलेला फुगा, कार्बन डायऑक्साइडचं छोटं सिलिंडर आणि ते सिलिंडर फोडणारं प्लॅस्टिकचं हेड. हेडच्या आत एक सुई असते. दोरी ओढली की ती सुई सिलिंडरच्या तोंडावरचं पातळ सील फोडते. ऑटो जॅकेटात याच सुईमागे ताणलेली स्प्रिंग असते आणि ती स्प्रिंग एका पाण्यात विरघळणाऱ्या गोळीने अडवून धरलेली असते. गोळी भिजली, की स्प्रिंग सुटली. याखेरीज तोंडाने फुगवायची नळी असते, शेवटचा उपाय म्हणून आणि वरून हवा भरायला.

लक्षणं

तुमचं जॅकेट यातलं काय करतंय ते आधी ठरवा.

- कुणी हात न लावता कपाटात, डिकीत किंवा केबिनमध्ये फुगलेलं सापडलं.
- दोरी ओढली, 'टक' झालं, पण पुढे काहीच नाही.
- दोरी ओढली आणि गॅस फुस्सकन बाहेरच गेला, फुगा अर्धाच भरला.
- पाण्यात पडल्यावर आपोआप फुगलं नाही, पण दोरी ओढल्यावर फुगलं.
- पूर्ण फुगलं, पण हाताला मऊ लागतं. पाण्यात हनुवटी नीट वर राहत नाही.
- रात्री टणक फुगवून ठेवलं, सकाळी सुरकुत्या.
- फुगतं व्यवस्थित, पण पाण्यात अंगातून वर सरकून कानांपर्यंत येतं.
- काहीच लक्षण नाही.

शेवटची ओळ गमतीने लिहिलेली नाही. हवा गळणारं जॅकेट निदान मऊ पडून सांगतं तरी. सिलिंडर सैल झालेलं जॅकेट बाहेरून नव्यासारखं दिसतं आणि त्याचा दोष माणूस पाण्यात पडेपर्यंत कळत नाही. म्हणून लक्षण असो वा नसो, खालची पहिली चार कामं मोसमाच्या सुरुवातीला प्रत्येक जॅकेटावर करायची. पहिली दोन तर दर वेळी बोटीवर चढण्याआधी.

१. न उघडता, बाहेरून

ओढायची मूठ बाहेर लोंबतेय का बघा. सहसा लाल किंवा पिवळी असते. घडी घालताना ती आत ढकलली जाते आणि मग घाबरलेल्या ओल्या हाताला सापडत नाही. 'दोरी ओढली पण काही झालं नाही' अशा काही तक्रारींत दोरी ओढलीच गेलेली नसते, पट्ट्याचं टोक ओढलेलं असतं.

बकल लावून झटका द्या. पट्ट्यांच्या शिवणीवर बोट फिरवा. खाऱ्या पाण्याने आणि उन्हाने दोरा कापडाच्या आधी मरतो. पायांमधून जाणारा पट्टा आहे का? 'वर सरकतं' या तक्रारीचं कारण जवळजवळ नेहमी हाच पट्टा असतो, म्हणजे तो काढून ठेवलेला असतो. अडचण होते म्हणून लोक तो काढतात. पण फुगलेलं जॅकेट पाण्यात वर उचललं जातं आणि माणूस आपल्या वजनाने खाली. मधे हा पट्टा नसेल तर जॅकेट डोक्यावरून निघायला बघतं. छातीचा पट्टा छाती आणि पट्टा यांच्यामध्ये मूठ जेमतेम मावेल इतका घट्ट.

आणि रेनकोट जॅकेटाच्या आत घालायचा, वरून नाही. वरून घट्ट रेनकोट असेल तर फुगा बाहेर उघडायला जागाच राहत नाही, सगळा दाब छातीवर येतो.

२. सिलिंडर घट्ट आहे का

एकच तपासणी करणार असाल तर ही करा. कव्हर उघडा (चेन किंवा वेल्क्रो), सिलिंडर हातात धरा आणि घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवा. हललं, तर ते सैल होतं. एवढंच काम.

सैल का होतं? आउटबोर्ड इंजिनाची थरथर, रोजचं घालणं-काढणं, खुंटीला अडकवणं, पिशवीत कोंबणं. प्रत्येक वेळी किंचित फिरतं. अर्धा आटा सुटला तरी दोन गोष्टी होऊ शकतात. एक तर सुई सीलपर्यंत पोहोचतच नाही. मग 'टक' होतं आणि पुढे शांतता. नाहीतर सुई सील फोडते, पण सिलिंडर वॉशरवर टेकलेलं नसल्यामुळे गॅस फुग्याऐवजी आट्यांच्या फटीतून बाहेर जातो, ते फुस्स. वरच्या यादीतली दुसरी आणि तिसरी तक्रार घेऊन येणाऱ्यांना मी आधी हेच विचारतो की शेवटचं सिलिंडर कधी फिरवून पाहिलं होतं. उत्तर बहुधा एकच असतं, 'ते फिरवायचं असतं का?'

घट्ट म्हणजे हाताने घट्ट. पक्कड, पाना काही नको. हेडचे आटे प्लॅस्टिकच्या शरीरात बसवलेले असतात आणि खाली रबरी वॉशर असतो. पान्याने आवळलं की वॉशर कापला जातो आणि तुम्ही घट्टपणाच्या नावाखाली गळती तयार करता. काही सिलिंडरांना आटे नसून खटका असतो: दाबून थोडं वळवलं की लॉक बसतं. ते सैल होण्याचा प्रश्न कमी, पण लॉक पूर्ण बसलंय ना हे हाताने बघायचंच.

हॅमर जातीच्या जॅकेटात (गोळीऐवजी पाण्याच्या दाबावर चालणारं हेड, त्याबद्दल पुढे) सिलिंडर फुग्याच्या आत असतं, दिसत नाही. तिथे फुग्याच्या कापडावरूनच सिलिंडर चिमटीत पकडून घट्ट आहे का बघायचं. कापड पिरगळू नका.

३. सिलिंडर भरलेलं आहे का

आता सिलिंडर पूर्ण काढा आणि तोंडाकडे बघा. सील गुळगुळीत, अखंड हवं. मध्यभागी छोटं भोक असेल तर ते वापरलेलं आहे. कुणीतरी जॅकेट उडवलं, म्हणजे गॅस सोडून फुगवलं, घडी घालून परत खुंटीला लावलं आणि कुणाला सांगितलं नाही, असं भाड्याच्या बोटींवर बरंच चालतं.

सील अखंड असलं तरी वजन करा. सिलिंडरच्या अंगावर दोन आकडे असतात. एक आतल्या गॅसचा, उदाहरणार्थ ३३ ग्रॅम. दुसरा भरलेल्या सिलिंडरच्या एकूण वजनाचा. आपल्याला दुसरा हवा. एक ग्रॅमपर्यंत अचूक दाखवणारा साधा डिजिटल काटा पुरतो. ठशातला आकडा 'किमान' म्हणून दिलेला असेल तर त्याच्याखाली गेलेलं सिलिंडर बाद. नुसता एकूण वजनाचा आकडा असेल तर २ ग्रॅमपेक्षा जास्त घट म्हणजे गॅस झिरपतोय, बाद. हलवून, कानाशी धरून काही कळत नाही. तसं करणारे अनुभवी लोक मी पाहिले आहेत आणि त्यांचं सिलिंडर काट्यावर रिकामं निघालेलंही पाहिलं आहे.

इथेच 'फुगतं पण मऊ' या तक्रारीचा उगम सापडतो. १५० न्यूटनच्या जॅकेटात साधारणपणे ३३ ग्रॅमचं सिलिंडर असतं. आपल्याकडच्या हवेत ३३ ग्रॅम कार्बन डायऑक्साइडचे सुमारे १८ लिटर होतात. १५० न्यूटन म्हणजे साधारण १५ किलोचा उचल, त्याला १५ लिटरच्या आसपास जागा लागते. म्हणजे १८ लिटरमध्ये फुगा टणक होऊन थोडा दाब शिल्लक राहतो. आता त्याच जागी कुणी २४ ग्रॅमचं सिलिंडर लावलं तर गॅस जेमतेम १३ लिटर. आटे अनेकदा सारखेच असतात, त्यामुळे बसतं अगदी छान. जॅकेट फुगल्यासारखं दिसतंही. पण बेशुद्ध माणसाचं तोंड पाण्याच्या वर धरण्याचं काम ते करेलच असं नाही. फुग्यावर छापलेलं असतं की कुठलं सिलिंडर लागतं. दुकानदाराच्या 'चालेल की' पेक्षा ते वाचा. २७५ न्यूटनच्या मोठ्या जॅकेटाला ६० ग्रॅमचं लागतं. तिथे ३३ ग्रॅमचं लावलेलंही सापडतं.

गंज. सिलिंडर पोलादी असतं, वरचा मुलामा खाऱ्या हवेत टिकत नाही. पुसून जाणारा हलका तांबूस डाग चालतो. मानेपाशी किंवा आट्यांवर खवले सुटले असतील तर बदला. त्यात दुहेरी नुकसान आहे: गंजलेलं अंग सिलिंडरशेजारच्या फुग्याच्या कापडावर सतत घासतं. म्हणून सिलिंडर गंजलेलं दिसलं की त्याच्यामागचं कापड उजेडात धरून बघा. ग्रीस, तेल, गंज काढायचा स्प्रे यातलं काही लावू नका, कंपनीच्या पुस्तिकेत स्पष्ट सांगितलं असेल तेवढंच.

४. हिरवी खूण नेमकं काय सांगते

'दादा, हिरवं दिसतंय की!' हे वाक्य मी दर ऑक्टोबरात ऐकतो.

हिरव्या खुणेचा अर्थ प्रत्येक हेडमध्ये वेगळा आहे. साध्या हेडवरची छोटी हिरवी क्लिप फक्त इतकंच सांगते की दोरीचा खटका ओढला गेलेला नाही. सिलिंडर रिकामं आहे, सैल आहे, गोळी तीन वर्षं जुनी आहे, यातलं तिला काहीही ठाऊक नसतं. सुधारित हेडमध्ये, उदाहरणार्थ यूएमएल कंपनीच्या प्रो सेन्सरमध्ये, गोळी आणि सिलिंडर यांपैकी एक जरी जागेवर नसेल तर खूण लाल राहते. हे बरंच चांगलं. पण सिलिंडर हळूहळू झिरपून हलकं झालंय, हे तेही सांगू शकत नाही. तुमच्या हेडमध्ये हिरवं म्हणजे काय, ते पुस्तिकेत एकदा वाचून ठेवा. लाल दिसलं तर बोटीवर न्यायचं नाही, यात मात्र कुठल्याच हेडचा अपवाद नाही.

५. गोळी: आपल्या किनाऱ्यावरची खरी डोकेदुखी

कपाटात आपोआप फुगलेल्या जॅकेटाचं कारण शोधायला लांब जावं लागत नाही. जुलैत मुंबई-कोकणात हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांच्या आसपास असते, भिंती ओल धरतात, कपाटातल्या चामड्याच्या चपलांवर बुरशी येते. तीच ओल हेडच्या भोकांतून आत जाते. गोळी पाण्यात झटकन विरघळते, ओलीत हळूहळू. आधी मऊ होते, मग पाठीमागच्या स्प्रिंगचा जोर सहन होत नाही आणि एके रात्री जॅकेट फुगतं. घरच्यांना वाटतं सिलिंडर फुटलं.

याची दुसरी बाजू कमी लोकांच्या लक्षात येते. ओल खाऊन पुन्हा वाळलेली गोळी कधी चुरा होते, कधी कडक ढेकूळ. ढेकूळ झाली तर ती पाण्यात वेळेवर विरघळत नाही. चौथं लक्षण, म्हणजे पाण्यात आपोआप न फुगणं पण दोरीने फुगणं, बहुतेक इथूनच येतं. हेडच्या पाणी शिरायच्या भोकांत साचलेलं मीठ हे त्याचं दुसरं कारण. ते ओल्या मऊ ब्रशने निघतं, पण आधी गोळी काढून.

तपासायची पद्धत: आधी सिलिंडर काढा. मग गोळीचं कवच फिरवून किंवा सरकवून बाहेर घ्या. गोळी कोरडी, अखंड, कडा शाबूत हवी. मग तारीख. काही गोळ्यांवर बनवल्याची तारीख असते, काहींवर बाद होण्याची, आणि लोक एकीला दुसरी समजतात. हॅल्की-रॉबर्ट्स कंपनीच्या गोळीवर बनवल्याची असते, यूएमएलच्या गोळीच्या नळकांड्यावर बदलण्याची. बनवल्यापासून तीन वर्षं हा हॅल्की-रॉबर्ट्सच्या गोळीचा सर्वसाधारण हिशेब. पण तो कोरड्या कपाटात ठेवलेल्या जॅकेटाचा. आमच्या बाजूला मी दर मोसमाला नवी घालतो. पूर्ण जॅकेटाच्या तुलनेत गोळी स्वस्त आहे, आणि कपाटात उडालेल्या जॅकेटाला गोळीबरोबर सिलिंडरही नवं लागतं.

पावसाळ्यापुरता उपाय असा. मेअखेर बोटी वर काढल्या की जॅकेटातलं सिलिंडर काढा, गोळी काढा, दोन्ही घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवा, आणि जॅकेटाच्या बकलला लाल चिंधी बांधून मोठ्या अक्षरात 'रिकामं' असं लिहा. चिंधी विसरायची नाही. रिकामं जॅकेट हे जॅकेट नसण्यापेक्षा वाईट, कारण घालणारा त्याच्या भरवशावर धोका पत्करतो. जॅकेट रुंद हँगरवर टांगा. उन्हात गाडीच्या डिकीत नको: ३१ अंशांच्या वर सिलिंडरमधला कार्बन डायऑक्साइड द्रवरूपात राहत नाही आणि त्यापुढे तापमानाबरोबर दाब झपाट्याने वाढतो.

दर वर्षी हा गोळीचा ताप नको असेल तर पाण्याच्या दाबावर चालणारं हॅमर जातीचं हेड बघा. त्याची झडप सुमारे १० सेंटीमीटर पाण्याखाली गेल्यावरच उघडते, त्यामुळे दमट हवा, पाऊस, अंगावर उडालेली लाट यांनी ते उडत नाही. आयुष्य ५ वर्षांपर्यंत, बदलण्याची तारीख तोंडावरच छापलेली. महाग आहे, सुटे भाग आपल्याकडे सहज मिळत नाहीत. तरी वर्षभर बोटीवरच जॅकेट ठेवणाऱ्यांना मी हेच सुचवतो. फक्त हातांनी चालणारं, गोळी नसलेलं जॅकेट हा तिसरा पर्याय आहे, पण तो शुद्धीत असलेल्या माणसासाठी. बूम, म्हणजे शिडाखालची आडवी काठी, डोक्याला लागून माणूस पाण्यात पडला तर दोरी कोण ओढणार? उलट बंद केबिनमध्ये बसणाऱ्याला ऑटो जॅकेट घातक ठरू शकतं: आत पाणी शिरलं की ते फुगतं आणि माणूस छताला चिकटून दाराखालून बाहेर पडू शकत नाही. विमानातली जॅकेटं म्हणूनच दोरीची असतात आणि बाहेर पडल्यावर फुगवा असं सांगतात.

६. हवा धरतं का

आता फुग्याकडे. पण आधी एक फुकटची गोष्ट: तोंडाने फुगवायच्या नळीचं टोपण उलटं बसलेलं तर नाही ना? हवा काढताना हेच टोपण उलटं करून नळीत खुपसतात, त्याचा खुंटा व्हॉल्व्ह दाबून उघडा धरतो. काढायचं राहून गेलं तर गॅस एकीकडून भरतो आणि दुसरीकडून जातो. फुगा फाटला म्हणून आणलेलं जॅकेट टोपण सुलटं करून लगेच परत देण्यासारखं सोपं काम दुसरं नाही.

मग रात्रभराची चाचणी. सिलिंडर आणि गोळी दोन्ही काढलेली हवीत. कारण तोंडाने टणक फुगवलेल्या फुग्यात चुकून गॅसही सुटला तर दुप्पट दाबाने जोड उसवतात. नळीतून फुगवा, हातपंप असेल तर उत्तम, कारण तोंडाच्या वाफेने आत ओल राहते. पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर अजिबात नको. चाचणीसाठी गॅस वाया घालवू नका. कार्बन डायऑक्साइड या कापडातून हवेपेक्षा लवकर झिरपतो, त्यामुळे चांगलं जॅकेटही मऊ पडलेलं दिसेल.

टणक झालं की २४ तास एकाच खोलीत ठेवा. खोलीचं तापमान सारखं राहू द्या. दुपारच्या उकाड्यात फुगवून रात्री एसी लावलात तर दहा अंशांच्या फरकाने हवा साधारण ३ टक्क्यांनी आकसते, आणि फुगा निर्दोष असूनही सुरकुततो. असा संशय आला तर दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला, त्याच उकाड्यात परत दाबून बघा.

खरंच मऊ पडलं, तर जागा शोधायची. भांड्याच्या साबणाचं पाणी, मऊ ब्रश, सायकलच्या ट्यूबचं पंक्चर शोधतो तसं. हेडमध्ये साबणाचं पाणी राहू देऊ नका. क्रम असा ठेवा:

नळीचं टोक. इथे बुडबुडे आले तर व्हॉल्व्हमध्ये मिठाचा कण किंवा वाळू असते. व्हॉल्व्ह टोपणाच्या खुंट्याने काही वेळा दाबून सोडा, आतली हवा जोरात जाऊ द्या, गोड्या पाण्याने धुवा, पुन्हा तपासा. पेन, टाचणी, खिळा खुपसून रबर फाडू नका. बरीच 'गळकी' जॅकेटं इथेच सुधारतात.

हेड फुग्याला जिथे बसतं ती जागा. तिथला वॉशर वाकडा बसला असेल तर बुडबुडे येतात. वॉशर बदलता येतो, पण तो त्याच हेडचाच हवा.

घडीच्या रेषा आणि सिलिंडरमागचा भाग. मासेमारीच्या होडीवर वापरलेलं जॅकेट असेल तर गळाची टोकं आणि माशांचे काटे यांच्या खुणा शोधा. कापडातून किंवा जोडातून बुडबुडे आले तर इथे थांबायचं. त्याचं पुढे सांगतो.

७. पुन्हा भरणं

पाण्यात उडालेलं जॅकेट आधी गोड्या पाण्याने धुवा, मग हेडसकट सावलीत पूर्ण वाळू द्या. घाईने ओल्या हेडमध्ये नवी गोळी घातली की ती रात्रीतच उडते, आणि नवं सिलिंडर गेलं म्हणून दुकानदाराशी भांडण.

आतली हवा पूर्ण काढा. व्हॉल्व्ह उघडा धरून फुगा सपाट दाबत यायचं, कपड्यासारखा पिळायचा नाही. टोपण सुलटं करा. मग नवी गोळी, मग दोरीच्या खटक्याची हिरवी क्लिप, मग खुणा तपासा, आणि सिलिंडर सर्वांत शेवटी. क्रम उलटा झाला, म्हणजे गोळीविना सुई पुढे आलेली असताना सिलिंडर आवळलं, तर ते तुमच्या हातातच फुटतं. गोळीचं कवच एकाच बाजूने बसतं. जोर लावावा लागला तर ते उलटं आहे.

सुट्या भागांचा संच हेडच्या कंपनीप्रमाणे घ्या. जॅकेटावरचं नाव एका कंपनीचं आणि आतलं हेड दुसऱ्या कंपनीचं असं सर्रास असतं, म्हणून हेडवरचं नाव वाचा. घडी कंपनीच्या चित्राप्रमाणे. शिट्टी आणि दिवा बाहेरच्या कप्प्यात न कोंबता त्यांच्या जागी. दिवा पाणी लागल्यावर पेटणारा असेल तर त्याची बॅटरीची तारीखही बघून घ्या. शेवटी मूठ बाहेर.

कुठे थांबायचं

फुग्याचं कापड किंवा जोड गळत असेल तर ठिगळ, सोल्युशन, इस्त्री यांपैकी काहीही नको. सपाट असताना ठिगळ धरेल. गॅस सुटल्यावर फुगा क्षणात ताणला जातो, तेव्हा ते सुटतं. असं जॅकेट सर्व्हिस केंद्राकडे द्या, आणि त्यांनी बाद म्हटलं तर कात्रीने पट्टे कापूनच टाका, नाहीतर ते भंगारातून दुसऱ्या बोटीवर जातं.

हेडच्या प्लॅस्टिकला तडा, आटे खराब, सिलिंडर हाताने सुटतच नाही, खटका ओढल्यावर परत बसत नाही: थांबा. अडकलेल्या सिलिंडरमध्ये अजून गॅस भरलेला असतो, त्याला पक्कड लावू नका. हॅमरचं हेड बदलताना विशेष किल्ली आणि फुग्याच्या तोंडावरची रिंग नेमकी बसवावी लागते; एकदा कुणाकडून समोर बसून शिकल्याशिवाय हात घालू नका. सेकंडहँड घेतलेलं, पुस्तिका नसलेलं, तारखा पुसलेलं जॅकेट थेट केंद्रावर.

प्रवासी किंवा व्यावसायिक बोटीवरची सोलास (समुद्रावरच्या जीवसुरक्षेचा आंतरराष्ट्रीय करार) प्रमाणित हवेची जॅकेटं हा वेगळा विषय आहे. त्यांना दोन स्वतंत्र कप्पे असतात आणि १२ महिन्यांच्या आत मान्यताप्राप्त केंद्रातून तपासून घ्यावी लागतात. ती बोटीवर उघडून बसायचंच नाही. बाहेरून बघा, तारखेची चिठ्ठी वाचा, बास. लाइफराफ्टची (फुगणाऱ्या बचाव-तराफ्याची) सर्व्हिसिंग करणारी केंद्रं बहुधा हे कामही घेतात.

सुट्या भागांची मागणी ऑगस्टमध्येच द्या. भरलेलं सिलिंडर धोकादायक मालात मोडतं, विमानाने जाणारं कुरिअर ते सहसा घेत नाही, रस्त्याने यायला वेळ लागतो. परदेशातून येणारे नातेवाईक जॅकेट आणणार असतील, तर जॅकेटाला बसवलेली दोन आणि सुटी दोन छोटी सिलिंडरं एवढी सवलत आंतरराष्ट्रीय नियमांत आहे, पण विमान कंपनीची परवानगी आधी घ्यावी लागते. तिकिटाबरोबरच ती लेखी मागवून ठेवा आणि प्रिंट हातात असू द्या.